स्नायूंचे जुने दुखणे : गोळीखेरीज काय काय करता येते

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर ‘जुने’ म्हणतात. या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे अशाच दुखण्याची आहेत. कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाचे सगळे अंगच. शेक, मालीश, पट्टा, मशीन हे बहुतेकांचे करून झाले आहे आणि ‘तेवढ्यापुरते बरे वाटते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात आहे. त्या तेवढ्यापुरत्या वेळात काय करायचे, ते मात्र फार कुणाला सांगितले गेलेले नाही. म्हणून खालच्या उत्तरांत भर त्याच्यावर आहे.

प्रश्न : वय ४४. सकाळी पंधरा-वीस पोळ्या, मग दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर. आठ महिने झाले, उजवा खांदा आणि मान यांच्या मधे ठणका लागतो. दाबलं की वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आणि कळ कानामागून पार कपाळाच्या कडेपर्यंत जाते. एमआरआयमध्ये मणक्यात ‘किरकोळ बदल’ लिहिलेत. मानेचा पट्टा लावला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

उत्तर : हाताला लागते ती गाठ तुमचा भास नाही, पण ती वाढणारी गाठ नाही आणि फोडायचीही नसते. मानेपासून खांद्यावर उतरणाऱ्या स्नायूला ट्रॅपिझियस म्हणतात. त्याच्या तंतूंची एक दोरी तासन्‌तास थोडी आखडून राहते आणि त्या दोरीतली एक जागा दाबाला फार हळवी होते. हा ट्रिगर पॉइंट. तो जिथे असतो तिथेच दुखतो असे नाही. कळ दूर पाठवतो. या स्नायूची कळ कानामागून कपाळाच्या कडेला जाणे हे अगदी नेहमीचे. अमेरिकेतल्या जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी कोणता स्नायू कळ कुठे पाठवतो याचे तपशीलवार नकाशे काढले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्या याच ट्रॅव्हेल. गाठीच्या आत नेमके काय घडते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण हे नकाशे रोजच्या तपासणीत उपयोगी पडतात.

एमआरआयमधल्या ‘किरकोळ बदलां’नी घाबरू नका. चाळिशीनंतर ज्यांची मान कधीच दुखलेली नाही, त्यांच्याही फिल्ममध्ये असे बदल सर्रास दिसतात. हात बधिर होणे, मुंग्या, पकड ढिली पडणे यांपैकी काही असेल तर गोष्ट वेगळी. मग आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता गाठ कशी दाबायची. खुर्चीत टेकून बसा आणि उजवा कोपर टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर टेकवा. हात लोंबकळत ठेवलात तर स्नायू ताणलेलाच राहतो आणि गाठ सापडत नाही. डावा हात उजव्या खांद्यावर न्या. बोटे मागच्या बाजूला, अंगठा पुढे. स्नायूची वरची कड हलकेच उचलून चिमटीत धरा, करंजीची कड धरावी तशी. हळवी जागा सापडली की दाब वाढवत न्या, पण दुखणे दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. श्वास सावकाश सोडत ३० ते ६० सेकंद तसेच धरा. कळ निम्म्यावर आली की सोडा. मिनिटभरानेही ती उतरत नसेल तर दाब जास्त होतो आहे. असे तीन वेळा. सकाळ-संध्याकाळ मिळून दोनदा पुरे. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे दिवसभर येता-जाता गाठ चिवडत बसणे. त्याने ती जागा आणखी हळवी होते. दुसरी, अंगठा घसरून गळ्याच्या बाजूला किंवा कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात जाणे. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. हातात झिणझिण्या आल्या की लगेच जागा सोडा.

गाठ फऱ्याच्या आसपास असेल तर बोटे पोचत नाहीत. टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घाला, मोज्याचे तोंड खांद्यावरून पुढे हातात धरा, आणि चेंडू पाठ व भिंत यांच्या मधे ठेवून गुडघे थोडे वाकवत-सरळ करत हळूहळू वर-खाली सरका. क्रिकेटचा चेंडू नको, तो फार कठीण. मणक्यावर चेंडू टेकवायचा नाही.

दाबल्यावर मिळणारा सैलपणा काही तासच टिकतो. खरे काम त्यानंतरचे. लगेच मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा, दोन्ही बाजूंना कलती करा, खांदे गोल फिरवा. प्रत्येकी पाच वेळा. आणि एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, स्नायूला वजन द्या. पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली साधारण एक किलोची होते. दोन्ही हातांत एकेक बाटली धरून खांदे कानांकडे उचला : वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. बारा वेळा, मग मिनिटभर विश्रांती, असे दोन फेरे. नंतर हात बाजूने, किंचित पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे. आठ ते दहा वेळा, दोन फेरे. पंधरा वेळा सहज जमू लागले की दोन लिटरच्या बाटल्या घ्या. दुखऱ्या स्नायूवर वजन, या कल्पनेनेच धसका बसतो, पण डेन्मार्कमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले होते. मानेचा हाच स्नायू बराच काळ दुखत असलेल्या नोकरदार स्त्रियांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटे डंबेल्सचे व्यायाम केले आणि त्यांचे दुखणे स्पष्ट कमी झाले. नुसती सायकल चालवणाऱ्या गटाला तेवढा फायदा झाला नाही.

पट्टा कायमचा काढून ठेवा. तो स्नायूचे काम काढून घेतो, म्हणून चार दिवस बरे वाटते आणि त्याच चार दिवसांत स्नायू आणखी आळशी होतो.

आणि ओटा मोजा. ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची घ्या. लाटण्यासाठी पोळपाटाचा वरचा पृष्ठभाग त्याच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवा. उंची १५० सेंटिमीटर असेल तर कोपर साधारण ९४-९५ वर येतो, म्हणजे पोळपाट ८० ते ८५ वर असायला हवा. बहुतेक घरांत ओटाच ८५ चा असतो आणि त्यावर पोळपाटाची चार सेंटिमीटर. मग लाटताना कोपर बाहेर जातात, खांदे कानाकडे चढतात आणि वीस पोळ्या होईपर्यंत तसेच चढलेले राहतात. पाच ते सात सेंटिमीटर उंचीचा, दोन्ही पाय सुटे ठेवता येतील एवढा रुंद आणि न डगमगणारा पाट पायाखाली घ्या. पोळपाटाखाली ओले फडके घाला. पोळपाट सरकत नाही, म्हणून लाटणे आवळून धरावे लागत नाही. ऑफिसात कोपर टेबलावर टेकतील अशी खुर्ची वर घ्या आणि अर्ध्या तासाने एकदा उठा. आणि सगळ्या पोळ्या एकाच माणसाने का लाटायच्या, हाही या दुखण्याच्या उपचारातलाच प्रश्न आहे.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, बारा तास उभं राहून काम. दोन वर्षं कंबर आणि उजवा कुल्ला दुखतो, कधी मांडीच्या बाजूने खाली कळ जाते. सुट्टीच्या दिवशी बरं वाटलं म्हणून तासभर चाललो, व्यायाम केला, की पुढचे दोन दिवस झोपून. व्यायाम मला सोसत नाही असं समजायचं का?

उत्तर : व्यायाम सोसतो; मात्रा सोसत नाही. बरे वाटले की खूप करायचे, मग पडून राहायचे, पुन्हा बरे वाटले की खूप करायचे, हे चक्र जुन्या दुखण्यात फार लोकांचे होते. प्रत्येक फेरीत शरीर थोडे कमजोर होते आणि मेंदू ‘हालचाल म्हणजे धोका’ एवढे शिकतो.

आधी तुमची मात्रा काढा. वेगवेगळ्या तीन दिवशी चाला आणि दुखणे वाढू लागले, असे जाणवेल तिथे थांबा. समजा १०, १४ आणि १२ मिनिटे झाली. सरासरी १२. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, म्हणजे साडेनऊ. एवढेच रोज चालायचे, दुखो वा न दुखो. अवघड भाग चांगल्या दिवसाचा असतो : पाय मोकळे वाटतात, आणखी अर्धा तास जावेसे वाटते, आणि तरीही साडेनऊ मिनिटांनी परत फिरायचे. दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. म्हणजे तुमच्या बाबतीत मिनिटभर. आठ-दहा आठवड्यांत सलग वीस मिनिटांजवळ पोचाल.

मात्रा बरोबर आहे का, हे दुसऱ्या दिवशी कळते. करताना दुखणे दहापैकी तीन-चारपर्यंत गेले तरी चालेल. चोवीस तासांत ते मूळ पातळीवर यायला हवे. आले तर तेवढेच चालू ठेवा. नाही आले तर एक पायरी खाली या, पण बंद करू नका. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस येणारी रग वेगळी आणि जुने दुखणे वेगळे. रग दोन्ही बाजूंना सारखी असते, दाबल्यावर बोथट दुखते आणि तिसऱ्या दिवशी जाते.

चालण्याबरोबर तीन व्यायाम पुरेत. उताणे झोपून गुडघे वाकवायचे आणि कुल्ले उचलायचे : पाच सेकंद वर, आठ वेळा. हात-गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, कंबर खाली न सोडता : पाच सेकंद, प्रत्येक बाजूला सहा वेळा. आणि कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर भार घेऊन कंबर उचलून धरायची : दहा सेकंद, तीन वेळा. पहिले दोन आठवडे एकच फेरी. श्वास रोखून धरला जातो, तेवढे सांभाळा.

मांडीच्या बाजूने जाणारी कळ म्हणजे सायटिकाच, असे नाही. खुब्याच्या बाजूचा ग्लुटियस मिनिमस नावाचा छोटा स्नायूही मांडीच्या बाहेरून पोटरीपर्यंत कळ पाठवतो आणि सायटिकाची हुबेहूब नक्कल करतो. खोकल्या-शिंकल्यावर पायात गुडघ्याखाली सणक जात असेल, पाऊल बधिर होत असेल, टाचांवर किंवा चवड्यांवर चार पावले चालता येत नसेल, तर नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. मग तपासणी करून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बसण्याची जागा बधिर होणे, ही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याची गोष्ट आहे.

मागापाशी दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीची लाकडी फळी किंवा वीट ठेवा, फिरत्या भागांपासून लांब, आणि उभे असताना कधी एक, कधी दुसरा पाय तिच्यावर ठेवा. काँक्रीटच्या फरशीवर जाड रबरी मॅट आणि तळ न झिजलेले बूट. मालकाकडे मॅट मागायला संकोचू नका.

दुखणे अधूनमधून उसळणारच. त्यासाठी कागदावर आधीच लिहून ठेवा : दोन दिवस निम्मी मात्रा, दिवसातून दोनदा शेक, पडून राहायचे नाही, तिसऱ्या दिवसापासून पाऊण मात्रा, आठवड्याने पूर्ववत.

प्रश्न : शेकायचं की बर्फ लावायचा?

उत्तर : ताजी लचक, सूज आली असेल तर पहिले दोन दिवस बर्फ. जुन्या स्नायुदुखीला शेक. बर्फानेच बरे वाटत असेल तर बर्फ लावा, त्यात चूक काही नाही.

रबरी पिशवीत उकळते पाणी ओतू नका. पिशवी दोन-तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, टॉवेलमध्ये गुंडाळा. पंधरा ते वीस मिनिटे पुरेत. पिशवीवर झोपून जाण्याने होणारे भाजणे फसवे असते, कारण कमी गरम वस्तूही तासभर एका जागी राहिली की कातडी भाजते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पायांना शेक घेऊच नये. निर्गुंडीचा पाला, वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची आंघोळ, काहीही चालेल. काम ऊब करते. शेकानंतरची वीस मिनिटे व्यायामाला सगळ्यात चांगली.

प्रश्न : वय ३८. तीन वर्षं सगळं अंग दुखतं, झोपून उठले तरी थकलेलीच. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर : तसे वाटू देऊ नका. तुमचे वर्णन फायब्रोमायल्जियाशी जुळते. यात स्नायू फाटलेला किंवा सुजलेला नसतो, म्हणून रक्तात आणि फोटोत काही सापडत नाही. बिघाड असतो तो दुखण्याचे संदेश वाहणाऱ्या यंत्रणेत : आवाजाचे बटण वर अडकून बसावे तशी मज्जासंस्था साधा दाबही दुखणे म्हणून पोचवते. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे दुखणे खोटे आहे, असा अर्थ अजिबात होत नाही. हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा. निदान डॉक्टरांकडून पक्के करून घ्या. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन पाहिलेले नसेल तर ते आधी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानेही अंग दुखू शकते. मनाने मात्र बंद करू नका.

सांधेविकारांवरच्या युरोपीय तज्ज्ञसंघटनेने २०१६ साली या आजाराच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला. औषधांसकट सगळ्यांत ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. पण इथे मात्रा आणखी लहान घ्यावी लागते. पाच मिनिटांचे सपाट रस्त्यावरचे चालणे, एक दिवसाआड, दोन आठवड्यांनी सात मिनिटे, महिन्यानंतर दहा. जवळ कोमट पाण्याचा तलाव असेल तर छातीएवढ्या पाण्यात चालणे फार सोपे जाते, कारण शरीराचा बराचसा भार पाणी उचलते. पहिले तीन-चार आठवडे दुखणे थोडे वाढते आणि बहुतेकजणी तिथेच सोडतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, हे आधीच धरून चाला.

झोपेला व्यायामाइतकेच महत्त्व द्या. झोपेवर संशोधन करणारे हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये निरोगी तरुणांची फक्त गाढ झोप आवाज करून काही रात्री मोडली, तर त्यांचेही अंग दुखू लागले आणि स्नायू दाबाला हळवे झाले. म्हणून उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको, चारनंतर चहा नको. अंथरुणात अर्धा तास डोळा लागला नाही तर उठून बाहेर बसा आणि झोप आली की परत या. झोपण्याआधी शवासनात एकेक भाग, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत, पाच सेकंद आवळा आणि पंधरा सेकंद सैल सोडा. आवळणे अर्ध्याच जोराने. पूर्ण जोर लावला तर पोटरीत गोळा येतो. घोरणे जोरात असेल, मधेच श्वास अडकत असेल, तर झोपेची तपासणी करा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला कुणी सुचवले तर ‘म्हणजे मनाचेच’ असे समजू नका. दुखण्याची धास्ती आणि त्यामुळे टाळल्या जाणाऱ्या गोष्टी यांवर तिथे काम होते, आणि त्याने रोजचे जगणे खरेच सुधारते.

प्रश्न : टेन्सचं मशीन घरी घ्यावं का? आणि क्लिनिकमध्ये सुया टोचून घेणं सुरक्षित आहे का?

उत्तर : टेन्स म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य वीज सोडणारे छोटे मशीन. ते घ्यायला हरकत नाही, अपेक्षा बेताची ठेवा. स्पर्शाच्या नसांना मुंग्या आणून दुखण्याचा संदेश पाठीच्या कण्यातच अडवायचा, ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट’ सिद्धांतावर उभी आहे. मशीन ८० ते १०० हर्ट्‌झवर लावा, दोन पॅड दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना, आणि मुंग्या जोरदार पण सोसवतील इतक्या ठेवा. अगदी हलक्या ठेवल्या तर उपयोग होत नाही. बहुतेकांचे इथेच चुकते. आराम मुख्यतः मशीन चालू असेपर्यंत असतो, म्हणून ते लावूनच चाला किंवा व्यायाम करा. पेसमेकर असेल तर वापरू नये. गळ्याच्या पुढे, गरोदरपणात पोटावर, बधिर किंवा जखमी कातडीवर पॅड नकोत.

सुया, म्हणजे ड्राय नीडलिंग, यात औषध नसते. बारीक सुई ट्रिगर पॉइंटमध्ये घालतात, स्नायू क्षणभर फडफडतो आणि मग सैल होतो. एक-दोन दिवस ठणका राहतो. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. खांद्याच्या वर आणि छातीजवळ सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे क्वचित घडते, पण त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले, तर थेट रुग्णालय. व्यायाम न सांगता नुसत्या सुयांच्या दहा बैठका विकणारे ठिकाण टाळा.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी अचानक दोन्ही खांदे आणि मांड्या आखडल्या. सकाळी तासभर हात वर होत नाहीत, सदरा घालवत नाही. तुम्ही सांगता तशी मालीश आणि शेक चालू आहे. आणखी काय करावं?

उत्तर : मालीश थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीनंतर, अचानक, दोन्ही बाजूंना सारखे, आणि सकाळी पाऊण तासाहून जास्त आखडलेपण : हे पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका या दाहाच्या आजाराचे वर्णन आहे. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ततपासण्यांवरून अंदाज येतो. याला चेंडू, शेक, व्यायाम पुरत नाहीत. कमी मात्रेतल्या स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात आणि त्यांनी बहुतेकांना काही दिवसांतच मोठा आराम पडतो. वडिलांना आजच विचारा : कानशिलात नवी डोकेदुखी आहे का, केस विंचरताना डोके दुखते का, जेवताना जबडा भरून येतो का, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते का. यांपैकी एकालाही ‘हो’ उत्तर आले तर उद्याची वाट पाहू नका. डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुजत असू शकतात आणि उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.